मान्नाची बरणी आणि मडक्यातले खरेदीखत

कोकणात अलिबागच्या परिसरातल्या गावांमधून तेलाचे घाणे चालवणारी एक जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. आठवड्यातले सहा दिवस त्यांचा घाणा फिरे, शनिवारी थांबे. गावाने त्यांना नावच देऊन टाकले, ‘शनवार तेली’. हे यहुदी समाजातले बेने इस्राएल. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. दीर्घ काळ त्यांच्या हाती हिब्रू ग्रंथ नव्हते. तरीही शेमाची प्रार्थना, सुंता आणि शनिवारची विश्रांती त्यांनी सोडली नाही.

या विषयाचा विद्यार्थी माझ्यासमोर आला, की मी त्याला आधी या बंद घाण्याजवळ नेतो. हातावर पोट असलेल्या माणसाने सातातला एक दिवस काम थांबवायचे म्हणजे सातातल्या एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायचे. दुसऱ्याचा घाणा फिरत असताना आपला बैल सोडून द्यायचा. हे धाडस येते कुठून? ‘आजचे राहिले तर उद्याचे कोण पाहील?’ या रोकड्या प्रश्नाला त्या घरांनी न बोलता, निव्वळ कृतीने, दिलेले उत्तर म्हणजेच आपल्या अभ्यासाचा विषय. देव पुरवील हा भरवसा आणि देव आपला करार मोडत नाही ही खात्री, या दोन गोष्टी हिब्रू शास्त्रात एकमेकींना कशा धरून आहेत, हे आपल्याला पाहायचे आहे.

त्यांचे नाते निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात एका भांड्यात दिसते. मिसरातून सुटलेले लोक रानात उपाशी आहेत. सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर पांढरे, बारीक काही पसरलेले दिसते. ते विचारतात, ‘हे काय?’ आणि त्या प्रश्नातूनच ‘मान्ना’ हे नाव पडते. नियम असा, की माणशी एक ओमर गोळा करायचा आणि सकाळपर्यंत काही उरवायचे नाही. ज्यांनी उरवले त्यांच्या मान्नात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळाला, तो सातव्या दिवसापर्यंत टिकला, आणि सातव्या दिवशी रानात काहीच नव्हते. शेवटी मोशेच्या सांगण्यावरून एक ओमर मान्ना बरणीत भरून साक्षपटासमोर, म्हणजे कराराच्या दगडी पाट्यांसमोर, कायमचा ठेवला गेला. उद्याच्या भीतीने साठवलेला मान्ना एका रात्रीत नासला. आठवणीसाठी ठेवलेला पिढ्यांसाठी राहिला. भाकरी आणि करार एकाच ठिकाणी ठेवले गेले, ही या विषयाची गुरुकिल्ली आहे. भाकरी सोडून करार वाचला तर तो कोरडा कायदा होतो. करार सोडून भाकरी वाचली तर देव नवसाला पावणारा दुकानदार होतो.

आता शब्दांकडे वळू. मराठी वाचकाला ‘करार’ म्हटले की स्टँप पेपर, साक्षीदार आणि अंगठा आठवतो. हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला, आणि मुळात त्यात स्थैर्याचा, ठरून जाण्याचा अर्थ आहे. तो अर्थ मनात ठेवावा. हिब्रू शब्द ‘बरीथ’. त्याबरोबर येणारे क्रियापद मात्र चमकावणारे आहे: हिब्रूत करार ‘कापतात’. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राम विचारतो, हा देश मला मिळेल हे मी कशावरून जाणू? उत्तरादाखल त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचे पिल्लू आणायला सांगितले जाते. जनावरे मधोमध कापून समोरासमोर मांडली जातात. याचा अर्थ यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायावरून लागतो. तिथे करार करणारे कापलेल्या वासराच्या तुकड्यांमधून चालत गेले होते. करार मोडणाऱ्याची गत त्या वासरासारखी व्हावी, हा त्यातला भाव. उत्तर सीरियात सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातल्या सफीरे इथल्या अरामी तहातही कापलेल्या वासराची अशीच शपथ आहे. पण अब्रामाच्या गोष्टीत तुकड्यांमधून अब्राम जातच नाही. त्याला गाढ झोप लागलेली आहे. अंधारात धुमसती शेगडी आणि जळती मशाल, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण, एकटीच पलीकडे जाते. बलवानाने दुर्बळाला शपथेत बांधून घ्यायचे, ही जगाची रीत. इथे बलवान स्वतः बांधला जातो आणि दुर्बळ झोपलेला असतो. भरवशाची पहिली पायरी म्हणून हे चित्र विद्यार्थ्याच्या मनात ठसावे, असे मला वाटते.

दुसरा शब्द ‘हेसेद’. मराठी बायबलात त्याच्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘दया’ येते, पण दया अनोळखी माणसावरही होते. हेसेद नात्यातून उगवतो. नेल्सन ग्ल्यूक यांनी १९२७ मधल्या प्रबंधात मांडले, की हेसेद म्हणजे बांधिलकीला साजेसे वागणे. कॅथरीन सॅकनफेल्ड यांनी १९७८ मध्ये त्यावर महत्त्वाची भर घातली: ज्याच्या हाती बळ आहे, ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक आहे, त्याने गरजवंतासाठी ते न म्हणता उभे राहणे म्हणजे हेसेद. आपल्या भाषेत याच्या जवळचे एकच नाम सापडत नाही, पण ‘त्यानं शब्द राखला’ आणि ‘त्यानं माया पातळ होऊ दिली नाही’ ही दोन वाक्ये एकत्र म्हटली, की हेसेदचा अर्थ हाती लागतो.

तिसरी संकल्पना पुरवठ्याची. अब्राहाम इसहाकाला घेऊन मोरियाच्या डोंगरावर जातो, तेव्हा मुलगा विचारतो, कोकरू कुठे आहे? बाप सांगतो, ते देव पाहील. पुढे त्या जागेला याव्हे-यिरे हे नाव पडते. यातले क्रियापद अगदी साधे ‘पाहणे’ आहे. इतर काही भाषांना इथे टीप द्यावी लागते. मराठीला लागत नाही. ‘म्हाताऱ्या आईबापांचं कोण पाहतं?’, ‘शेताचं धाकटा पाहतो,’ असे आपण रोज बोलतो. पाहणे म्हणजे नजर ठेवणे, काळजी घेणे आणि लागेल ते आणून देणे, हे आपल्या बोलीत आधीपासून एकत्र नांदत आहे. ‘योगक्षेम’ हा शब्दही आपल्याजवळ आहे: नसलेले मिळवणे आणि मिळालेले जपणे. मान्नाची गोष्ट त्या शब्दाशेजारी ठेवून वाचावी. रोज मिळवून देणारा देव जपण्याचे कामही स्वतःकडे घेतो, आणि माणसाला सांगतो, आज रात्री मडके रिकामे राहू दे.

या विषयाचा आधुनिक अभ्यास मोठ्या मतभेदांमधून घडला. युलिउस वेलहाउझेन यांनी १८७८ पासून आग्रहाने मांडले, की देव आणि इस्राएल यांचे नाते आधी नैसर्गिक, बापलेकाच्या नात्यासारखे होते. अटींचा करार ही संदेष्ट्यांनंतरची कल्पना. मग १९०६ मध्ये तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथे, म्हणजे हित्तींच्या हत्तुशा या राजधानीत, मातीच्या पाट्यांचा मोठा दप्तरखाना सापडू लागला. त्यांत सम्राटाने मांडलिक राजांशी केलेले तह होते. व्हिक्टर कोरोशेत्स यांनी १९३१ मध्ये त्यांची बांधणी उलगडली आणि १९५४ मध्ये जॉर्ज मेंडेनहॉल यांनी ती सीनायच्या कराराशेजारी ठेवली. सम्राटाचे नाव, मग त्याने पूर्वी काय काय केले त्याची हकिगत, मग अटी, तह देवळात ठेवून ठरावीक काळाने वाचण्याची आज्ञा, साक्षीदार, आणि अखेरीस आशीर्वाद व शाप, असा तो क्रम. दहा आज्ञांची सुरुवातही आज्ञेने होत नाही. आधी देव सांगतो, मी तुला मिसरातून, दास्यातून बाहेर काढले. उपकाराची आठवण आधी, मागणी नंतर. हिब्रू भरवसा भविष्याकडे पाहून अंदाज बांधत नाही. तो मागे वळून पाहतो आणि मग पुढे पाऊल टाकतो.

एसरहद्दोन या अश्शूरी राजाने ख्रिस्तपूर्व ६७२ मध्ये आपल्या वारसासाठी घेतलेल्या निष्ठेच्या शपथांची प्रत १९५५ मध्ये निमरूद इथे मिळाली. त्यातले शाप बायबलमधल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातल्या शापांशी इतके मिळतेजुळते आहेत, की अनेकांनी अनुवादाचा काळ हित्तींऐवजी अश्शूरांच्या जवळ नेला. राजपुत्रावर ‘प्रेम’ करा, असा हुकूमही या तहात आहे. विल्यम मोरन यांनी १९६३ मध्ये दाखवले, की देवावर पूर्ण मनाने प्रीती कर, या आज्ञेतली प्रीती याच राजनिष्ठेच्या भाषेतली आहे. साम्राज्याने आपल्या राजासाठी मागितलेली निष्ठा एका छोट्या, चेपलेल्या लोकसमूहाने देवाला वाहिली. असे केल्यावर सम्राटाची जागा आपोआप रिकामी होते. लोथार पेर्लिट यांनी १९६९ मध्ये वेलहाउझेन यांची बाजू नव्याने मांडली, फ्रँक मूर क्रॉस यांनी कराराचे मूळ रक्ताच्या नात्याच्या विस्तारात शोधले, आणि वाद अजून मिटलेला नाही. नव्या वाचकाने याची धास्ती घेऊ नये. घर मोठे असले की त्याला दारेही बरीच असतात.

एका दारातून मराठी वाचक सहज आत येऊ शकतो. मोशे वाइनफेल्ड यांनी १९७० मध्ये सुचवले, की अब्राहाम आणि दावीद यांच्याशी झालेले करार मांडलिकाच्या तहासारखे नसून राजाने निष्ठावंत सेवकाला दिलेल्या दानपत्रासारखे आहेत. आपल्याला हे दानपत्र परके नाही. इनाम, वतन, सनद, ताम्रपट हे शब्द आपल्या इतिहासाच्या अंगवळणी पडलेले आहेत. ‘आचंद्रार्क’ म्हणजे सूर्यचंद्र असेपर्यंत दिलेली जमीन, आणि ती हिसकावणाऱ्याला अखेरीस शाप. कोकणात आणि देशावर जागोजाग सापडणाऱ्या गधेगळांवर वरच्या भागात सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात, खाली शाप. एकोणनव्वदावे स्तोत्र दाविदाच्या सिंहासनाबद्दल बोलताना सूर्य आणि चंद्र हीच मापे वापरते. यिर्मया नव्या कराराची वाणी सांगून झाल्यावर लगेच सूर्य, चंद्र आणि तारे यांच्या नेमाकडे बोट दाखवतो. इथे कोणी कोणाकडून काही उसने घेतले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कायम म्हणजे किती कायम, हे सांगायला माणसाला आकाशाकडेच पाहावे लागते, एवढेच. वाइनफेल्ड यांच्यावर आक्षेपही आले: दाने नेहमी बिनशर्त नसत. वतने जप्त झाल्याच्या हकिगती ठाऊक असलेल्या आपल्याला तो आक्षेप समजायला वेळ लागणार नाही.

जमिनीतून निघालेल्या वस्तूंमध्ये मला सर्वांत प्रिय आहेत त्या दोन इवल्याशा चांदीच्या गुंडाळ्या. १९७९ मध्ये यरुशलेमात केतेफ हिन्नोम इथल्या एका थडग्यात गॅब्रिएल बार्काई यांच्या उत्खननात त्या मिळाल्या. त्या न मोडता उलगडायला काही वर्षे लागली. बहुतेक अभ्यासक त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाची अखेर किंवा सहाव्याची सुरुवात असा मानतात. दोन्हींवर गणना ग्रंथातल्या याजकांच्या आशीर्वादाशी जुळणारा मजकूर आहे, आणि मोठीवर करार व हेसेद राखणाऱ्या देवाचा उल्लेख आहे. कोणीतरी हे शब्द ताइतासारखे अंगावर बाळगले आणि मरणानंतरही सोबत नेले. पंडितांचे वाद आवश्यक आहेत. पण ज्या विषयावर आपण वाद घालतो तो कोणाच्या तरी गळ्यात होता, हे विसरू नये.

हा भरवसा मनातल्या मनात ठेवायचा नाही, असे शास्त्र वारंवार बजावते. मान्ना गोळा करताना ज्याने जास्त वेचला त्याला जास्त झाला नाही आणि ज्याने कमी वेचला त्याला कमी पडला नाही. १९२७ च्या सीनाय मोहिमेत बोडेनहाइमर या कीटकशास्त्रज्ञाने झाऊच्या झुडपांवरच्या किड्यांपासून पडणारा गोड स्राव अभ्यासला, आणि मान्नाचे मूळ तिथे असावे असे अनेकांना पटले. तसे असेलही, पण कथाकाराचे लक्ष पदार्थावर नसून मापावर आहे. लेवीय ग्रंथ सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायला सांगतो आणि शेतकऱ्याच्या तोंडचा प्रश्नही स्वतःच विचारतो: मग आम्ही खायचे काय? त्याच ग्रंथात कापणी करताना शेताच्या कडा सोडाव्यात आणि सरवा गरिबांसाठी, परक्यांसाठी राहू द्यावा, असे आहे. त्या नेमाचे फळ म्हणजे रूथची गोष्ट. बेथलेहेम, म्हणजे ‘भाकरीचे घर’, तिथेच दुष्काळ पडतो. नामी परदेशातून नवरा आणि दोन मुलगे गमावून परतते, सोबत मवाबी सून. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते आणि दोघींचे पोट भरते. या चार अध्यायांच्या ग्रंथात हेसेद हा शब्द तीनदा येतो. आकाशातून इथे काही पडत नाही. देवाचा पुरवठा एका परक्या सुनेच्या निष्ठेतून आणि एका शेतकऱ्याने मुद्दाम सोडलेल्या कणसांतून येतो. एकाने जे वेचायचे सोडले, ते दुसऱ्याची भाकरी झाले. हिब्रू शास्त्रात भरवशाचे माप हेच आहे: तुम्ही किती मागितले याहून तुम्ही काय सोडू शकलात. न साठवलेला मान्ना, पडीक शेत, न कापलेल्या कडा, थांबलेला घाणा.

आणि करार फसल्यासारखा वाटला तर? ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले, राजाला धरून नेले. सूर्यचंद्राच्या साक्षीने दिलेले वचन आता कुठे गेले? एकोणनव्वदावे स्तोत्र हा प्रश्न देवाच्या तोंडावर विचारते: तुझा हेसेद कुठे आहे? हे स्तोत्र कोणी वगळले नाही, मवाळ केले नाही. तक्रार हा इथे भरवशाचाच भाग आहे; ज्याच्याशी नाते नाही त्याच्याकडे कोणी शब्द मोडल्याची दाद मागत नाही. म्हणून दुष्काळात होरपळलेल्याला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे सांगणाऱ्या उपदेशाला या ग्रंथात आधार नाही. देवावर भरवसा ठेवला की धन येते, हा हिशेब ईयोबाच्या मित्रांचा आहे, आणि त्या ग्रंथात देव त्यांना चुकीचे ठरवतो.

मराठीत ही वाट नवी नाही. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी मुंबईत हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून छापले, ते बेने इस्राएलांना डोळ्यांसमोर ठेवून. जोसेफ इझिकियल राजपूरकर यांनी यहुदी प्रार्थना मराठीत आणल्या. मलिदाच्या विधीत पोहे, नारळ आणि फळे मांडून एलियाहू हनबीचे स्मरण करणारी घरे आजही आहेत. दुष्काळात ज्याला कावळ्यांनी अन्न आणून दिले, सारफथच्या विधवेचे मूठभर पीठ ज्याच्यासाठी सरले नाही, तोच हा एलीया. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती ही संस्था उभी केली, ती ठरावीक उत्पन्नाच्या हमीवर नव्हे, प्रार्थनेवर. तिथेच विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला. भरवसा आणि कष्ट त्यांनी वेगळे मानले नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळ्या बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दिलेला शब्द आपल्या हयातीत फळेलच असे नाही, हे त्यांना ठाऊक असणार.

वाचनाला सुरुवात करणाऱ्याला माझे सांगणे थोडके आहे. उत्पत्ती १५, निर्गम १६, अनुवाद ८, रूथ, स्तोत्र ८९ आणि यिर्मया ३१ व ३२ एवढे आधी, शक्यतो मोठ्याने, वाचावे. दुसरे, ख्रिस्ती वाचकाने ‘नवा करार’ म्हणताना जुना रद्द झाला असे गृहीत धरू नये. यहुदी समाज त्या कराराने आजही जगतो आहे, आणि पौलानेही रोमकरांस पत्रात देवाने आपल्या लोकांना टाकलेले नाही असेच बजावले आहे. तिसरे, कोणत्याही परंपरेतून आलात, कोणतीही श्रद्धा नसली, तरी या विषयात तुमचे स्वागत आहे. दिलेल्या शब्दावर जगता येते का, हा प्रश्न विचारायला कोणत्याही दाखल्याची गरज नाही.

शेवटी आणखी एका भांड्याची गोष्ट. यरुशलेमाला वेढा पडलेला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि शहर पडणार हे त्यानेच सांगितलेले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथातले माझे शेत विकत घे. शत्रूच्या पायाखाली गेलेले ते शेत यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतो. साक्षीदारांसमोर खरेदीखत होते, मोहोर लागते, आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवले जाते. त्या शेतात यिर्मयाला कधी पीक घेता आले नाही. मान्नाच्या बरणीत काल मिळालेली भाकरी होती. या मडक्यात अजून न आलेल्या दिवसाचे शेत होते. या दोन भांड्यांच्या मधल्या जागेत माणसे जगतात, पेरतात, कडा सोडून कापतात, शनिवारी घाणा थांबवतात. त्या जागेवर आपण सारे मिळून बसू आणि वाचायला सुरुवात करू.